रिकाम्या पेटीचं वजन

तसं काम अगदी साधं होतं. आमच्या विद्यापीठात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी पत्र्याची एक पेटी आहे. वर्षातून एकदा ती साक्षीदारासमोर उघडायची, आत काही नाही असं बघायचं आणि अहवालात 'निरंक' लिहायचं. सोळा वर्षं निरंकच. यंदा ते माझ्या गळ्यात पडलं. सुट्टीतली दुपार होती, म्हणून साक्षीला सफाईच्या मावशींना घेतलं.

पेटी टांगली होती विभागप्रमुखांच्या दाराच्या बरोब्बर समोर, कॅमेऱ्याखाली. ज्याने जागा निवडली त्याच्या अकलेचं कौतुक करावं तेवढं थोडं. हेच विभागप्रमुख सर सोळा वर्षांपूर्वी माझे मार्गदर्शक होते. त्यांच्या खोलीत काय झालं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. संशोधन सोडलं, याच इमारतीत कारकून झाले आणि त्यांची चाहूल लागली की जिना बदलत आले.

कॉरिडॉर सुनसान होता. ओल्या शाईचा वास येत होता. इथे दौतीतल्या शाईने लिहिणारं आता कोणी उरलेलं नाही.

"मावशी, जरा हात लावा. निघत नाहीये."

"जड झालीय ताई. दर वर्षी जास्तच होते... मी पुसते ना, मला ठाऊक आहे."

दोघींनी कशीबशी उतरवली. कुलूप काढलं. आत काहीच नव्हतं, धूळसुद्धा नाही. पलीकडच्या टपाल विभागात पार्सलांचा वजनकाटा आहे, त्यावर नेऊन ठेवली. कोठारातली अशीच नवी पेटी दोन किलोची आहे. ही भरली एकोणीस.

"लिहा निरंक आणि चला," मावशी कुजबुजल्या. "सर आहेत खोलीत. पंख्याचा आवाज येत होता..."

मी पेन उघडलं. 'नि' लिहिला आणि हात थांबला. त्या सोळा निरंकांमध्ये मी होते. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त चीड आली, स्वतःचीसुद्धा. मी कोरा कागद ओढला आणि लिहीत गेले. तारीख, खोली, आतून लागलेली कडी, त्यांचं ते वाक्य. खाली सही केली आणि आवक शिक्का दाणकन मारला. क्रमांक एक.

काट्यावरचे लाल आकडे हलले. पेटी बारा ग्रॅमनी हलकी झाली होती.

"काय बाई, रिकामीच ना?" दारात सर उभे होते.

"नाही सर. एक तक्रार आहे. तुमच्याविरुद्ध." आवाज कापला, पण वाक्य पूर्ण झालं.

ते माझ्याकडे नाही, पेटीकडेच बघत मागे सरकले. त्यांची पावलं नेहमीच्या जिन्याकडे निघाली, मध्येच थांबली आणि दुसऱ्या जिन्याने उतरली. मावशी जाऊन कॉरिडॉरचं बाहेरचं दार लावून आल्या, मग बराच वेळ हातातलं फडकं पिळत उभ्या राहिल्या.

"ताई... मला लिहिता येत नाही. माझं तुम्ही लिहाल?"

लिहिलं. त्या सांगत होत्या आणि मला रडू आवरत नव्हतं. क्रमांक दोन. पुन्हा बारा ग्रॅम.

तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये चपला वाजल्या. आधी एकीच्या, मग पुष्कळ. घाई कोणालाच नव्हती. मावशींनी दारातून डोकावून पाहिलं आणि हळूच भिंतीला टेकल्या.

"कोणी नाही ताई... पण रांग आहे."

माझ्यासमोरची खुर्ची करकरली. शाईचा वास अगदी जवळ आला. मी नवा कागद घेतला.

"बसा," मी म्हणाले. "सुरुवातीपासून सांगा. घाई नाही."

त्याला आज अकरा दिवस झाले. अहवालासाठी वरून रोज फोन येतो. मी सांगते, थांबा, रांग अजून संपलेली नाही.