राखाडीखालचा पिवळा

रंगारी म्हातारा भर दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत शिरला, तो कुरकुरतच.

"काका, सगळं पांढरं करून टाका," घरमालकीण म्हणाली.

"आधी भिंत तर बघू दे. तुम्हा लोकांना नुसती घाई."

याच खोलीत पस्तीस वर्षांपूर्वी त्यानं अकरा महिने संसार केला होता. हे तो तिला बोलला नाही. बोलण्यासारखं होतंच काय? राखाडी खोली, त्यात तोंडाळ बायको, आणि एक दिवस दार आपटून गेली ती गेलीच. एवढंच त्याच्या डोक्यात उरलं होतं, आणि भेटेल त्याला तो तेच ऐकवत आला होता.

जुना रंगारी खरवडण्याआधी भिंत बोटांनी वाजवून बघतो. गिलावा पोकळ असला की आवाज बद्द येतो. त्यानं ठोकलं. टक, टक, टक.

पलीकडून तीनदा उत्तर आलं.

"पलीकडं कोण राहतं?"

"पलीकडे? काही नाही, काका. जुना सज्जा होता म्हणे, तो कधीच पाडला. आता सरळ खाली रस्ता."

मालकीण निघून गेली. खोलीत जुन्या चुन्याचा ओलसर वास भरून राहिला. म्हातारा खरवडू लागला. पांढरा गेला, हिरवा गेला, राखाडी आला. आणि त्याचा हात थांबला. हा राखाडी तर त्यानंच फासला होता! बायको गेल्यावर आठव्या दिवशी, रागाच्या भरात.

त्याखाली निघाला लख्ख पिवळा. तो दोघांनी मिळून दिलेला.

"जगाची घरं रंगवता, आणि स्वतःच्या घराला बायकोनं शिडी धरावी लागते होय!" असं म्हणून ती इतकी हसली होती की शिडी हलली, डबा सांडला, दोघं पिवळेधमक झाले. हे सगळं इतकी वर्षं कुठं दडून बसलं होतं?

ती सज्ज्यात स्वयंपाक करायची. ताट वाढलं की उलथन्यानं भिंतीवर तीनदा ठोकायची. त्यानं इकडून तीनदा ठोकलं की 'आलो'. शेवटी शेवटी कसल्याशा फालतू गोष्टीवरून तो फुगला आणि ठोकेना. ती महिनाभर रोज ठोकत राहिली. दार आपटलं ते त्यानंतर.

टक, टक, टक.

म्हाताऱ्याचे पाय जिन्याकडे वळले. पण आजही गप्प राहिलो तर… तो मागं फिरला. त्यानं तीनदा ठोकलं.

"आलो… आलो गं. चांगले दिवस होते ते… तूच दिलेस."

पलीकडं सगळं शांत झालं.

संध्याकाळी भिंती पांढऱ्या करून तो खाली उतरला, तेव्हा मालकीण म्हणाली, "काका, पाठीवर काय हे? पिवळा पंजा उमटलाय."

त्याच्याकडं सगळे डबे पांढऱ्याचे होते.

आता तो भेटेल त्याला सांगतो, "बाई लाखात एक होती माझी. अकरा महिने मिळाले, हेच नशीब." तो शर्ट त्यानं खुंटीला टांगून ठेवलाय. महिना उलटला.

पंजा अजून ओला आहे.