पाच पात्यांचा भोवरा

"चौदा! चौदा मिनिटं!" राजे कठड्यावर उभा राहून नाचायलाच लागला. "लिही वहीवाल्या, लिही! मोठ्या अक्षरात लिही!"

"कळलं! कान फुटले आमचे!" मिरची म्हणाली आणि घड्याळ मुठीत घट्ट धरलं. ते घड्याळ तिच्या बाबांचं जुनं होतं. राजेला तर ती त्याला बोटही लावू देत नसे.

राजे म्हणजे मिरचीचा चुलतभाऊ. तिच्याहून अवघ्या चार महिन्यांनी मोठा, पण ते चार महिने त्याने तिला कधी विसरू दिले नाहीत. वहीवाला हा मिरचीचा धाकटा भाऊ. कावळे किती दिसले इथपासून आईने हाक किती वेळा मारली इथपर्यंत सगळं तो वहीत टिपून ठेवायचा. सुट्टी लागल्यापासून तिघांचा एकच उद्योग होता. चढाच्या टोकाला कठड्यावर बसायचं आणि खालच्या खाणीतून खडी घेऊन निघालेले दोन ट्रक वर यायला किती मिनिटं घेतात ते मोजायचं. जुना ट्रक बाबांचा, त्याचं नाव हत्तीण. नवा ट्रक काकांचा, त्याचं नाव बिजली.

"हत्तीण आली... सतरा," वहीवाला म्हणाला. "रोजच्यासारखीच."

गेल्या आठवड्यापर्यंत बिजलीला अठरा मिनिटं लागत होती! नवी कोरी दिसायची, पण चढाला लागली की नुसती धापा टाकायची. मग काकांनी दुकानातून भोवरा आणला. स्टीलची कडी आणि आत वाकवलेली पाच पाती. इंजिनात हवा नेणाऱ्या रबरी पाइपात तो बसवायचा. त्याने हवा गरगर फिरते, ताकद वाढते, डिझेल वाचतं, असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं. आणि बसवल्या दिवसापासून बिजली खरोखरच चौदा मिनिटांत वर!

"आमचे बाबा म्हणतात, हत्तीण आता भंगारात शोभेल," राजे म्हणाला.

मिरचीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या भोवऱ्याचा, त्या बिजलीचा, राजेच्या त्या दात काढण्याचा तिला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. त्यात रात्री जेवताना बाबा आईला हळूच म्हणाले, "विकूनच टाकावी म्हणतो हत्तीण. थकली बिचारी. एकजण रविवारी बघायला येतोय."

हत्तीण विकणार? जिच्या केबिनमध्ये मिरची पाढे शिकली, ती?

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपले होते. मिरचीने स्क्रूड्रायव्हर उचलला. दोन्ही ट्रक घराशेजारी, मिस्त्रीमावशींच्या दुरुस्तीच्या गॅरेजसमोरच उभे असत. केबिनच्या मागे पाइपाची क्लिप कशी सोडवायची, हे तिने बाबांना शंभरदा करताना पाहिलं होतं. बिजलीतला भोवरा निघाला. हत्तिणीच्या पाइपात तो जरा सैल बसत होता, पण तिने रेटून बसवला.

"ताई, ही चोरी आहे," मागून आवाज आला.

"गप रे! आणि हे वहीत लिहिलंस तर बघ!"

"लिहिलं," वहीवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे कठड्यावर बसले. आज हत्तीण चौदा आणि बिजली अठरा! राजेचं तोंड कसं होतंय ते तिला डोळे भरून बघायचं होतं.

बिजली आली. चौदा.

हत्तीण आली. सतरा.

"असं कसं?" मिरची किंचाळली. राजे तिच्याकडे बघतच राहिला.

वर येताच काकांनी खिडकीतून डोकं काढलं. "काय गरगरतोय भोवरा! अरे, पाय ठेवला की कळतं! आज तर कालच्यापेक्षाही जोरात पळाली!"

वहीवाल्याने खाली मान घालून हसू दाबलं. काकांच्या गाडीत भोवराच नव्हता! मग काकांना कळलं तरी काय?

वहीवाल्याने पेन्सिल कानावर अडकवली. "राजेदादा, भोवरा बसवला त्या दिवशी गाडीत आणखी काही केलं होतं का रे?"

"काही नाही. हं, दुकानदाराच्या माणसाने एअर फिल्टर तेवढा बदलला. जुना मावशींच्या भंगारात टाकला. का?"

तिघे भंगाराकडे धावले. फिल्टर सापडला. बादलीएवढा, कागदाच्या घड्यांचा. राजेने तो आपटला आणि एवढी धूळ उडाली की तिघे शिंकून बेजार झाले! घड्यांमध्ये सुकलेली पानं होती, एक मेलेली गांधीलमाशीही होती.

"हे बिजलीचं नाक होतं!" राजे शिंकत म्हणाला. "चोंदलेलं नाक! बाबांनी गाडी घेतल्यापासून कधी उघडूनच बघितलं नव्हतं!"

"आणि आमचे बाबा वेळच्या वेळी बदलतात," मिरची पुटपुटली. "म्हणून हत्तिणीला फरकच पडला नाही."

"हत्तिणीला? हत्तिणीचा काय संबंध?"

मिरचीने जीभ चावली. "काही नाही!"

आता भोवरा गुपचूप बिजलीत परत बसवायचा आणि कानाला खडा लावायचा, असं तिने ठरवलं. दुपारी मोठी माणसं जेवायला बसली. मिरची हत्तिणीच्या केबिनमागे चढली, क्लिप सोडवली, भोवरा ओढून काढला.

पाती चारच होती.

तिने पुन्हा मोजली. एक, दोन, तीन, चार. पाचव्याच्या जागी नुसता तुटका कोपरा! सैल बसलेला भोवरा खडखडला असणार आणि पातं तुटून पाइपात पडलं असणार. पाइपाच्या पुढच्या टोकाला इंजिनात हवा कोंबणारा टर्बो होता. त्यातला पंखा इतक्या जोरात फिरतो की त्यात लोखंडाचा तुकडा गेला तर सगळा चुराडा, आणि ते तुकडे मागच्या इंजिनात. बाबांनीच तर सांगितलं होतं!

तिने क्लिप लावली. गप्प बसावं का? कुणालाच कळणार नाही. भोवरा नाल्यात फेकला की झालं. राजे आयुष्यभर चिडवेल, काका ओरडतील...

तेवढ्यात केबिनचं दार वाजलं. जेवण उरकून बाबा आत चढत होते.

"बाबा! स्टार्ट करू नका!" मिरचीने उडी मारली, गुडघा फुटला, तशीच धावत ती ट्रकसमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. "चावी फिरवू नका! मी चोरी केलीय!"

सगळे धावत बाहेर आले. काका, आई, राजे आणि हात पुसत मिस्त्रीमावशी. मिरचीने रडत रडत सगळं सांगितलं. "मला बघवत नव्हतं! बिजली पुढे जायची तेव्हा माझं पोट दुखायचं! वाटलं, हत्तीण पहिली आली तर बाबा तिला विकणार नाहीत!"

मावशींनी पाइप सोडवला, आत हात घातला आणि पातं बाहेर काढलं. रबराच्या घडीत अडकून बसलं होतं ते, टर्बोपासून वीतभर अंतरावर!

"अजून एक फेरी झाली असती तर इंजिन गेलं होतं," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे आज सकाळी माझ्या गाडीत..." काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"भोवरा नव्हता," वहीवाल्याने वही पुढे केली. "आणि तुम्ही म्हणालात, कालच्यापेक्षा जोरात पळाली. हे बघा, लिहिलंय."

"आणि बाबा, हे तुमचं नाक!" राजेने धुळीने भरलेला फिल्टर समोर धरला.

मावशी पोट धरून हसल्या. "अहो, इंजिनाला लागेल तेवढी हवा ते स्वतःच ओढतं! वाट मोकळी ठेवली की झालं. वाटेत असलं खेळणं ठेवून कशी ताकद वाढेल? या पोरांनी भोवरा दुसऱ्या गाडीत घालून बघितला, आपण मोठ्यांनी नुसतं दुकानदाराचं ऐकलं."

"तुम्हाला का नाही विचारलं मी!" काकांनी कपाळावर हात मारला. "पोरांनो, शाबास! आणि मिरचे, तू ओरडली नसतीस तर आज दादाची गाडी माझ्या मूर्खपणापायी गेली असती."

बाबा मात्र गंभीर होते. "चोरीची शिक्षा मिळणार. सुट्टीभर दोन्ही गाड्यांच्या फिल्टरचे डबे तू पुसायचेस." मग त्यांनी तिच्या गुडघ्यावर रुमाल बांधला. "पण खरं बोललीस. तेही सगळ्यांसमोर. मला नसतं जमलं."

मावशी वहीची पानं चाळत होत्या. "सतरा, सतरा, सतरा... पंधरा वर्षांची गाडी, आणि नव्या गाडीच्या फक्त तीन मिनिटं मागे? कोण म्हणालं हिला थकली? रविवारी बघायला येणाऱ्याला हाकलून द्या! विकायची असेल तर मला द्या, मी घेते!"

बाबांनी हत्तिणीच्या बॉनेटवर हात ठेवला. "नाही देणार," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिघे पुन्हा कठड्यावर. बिजली आली, चौदा. हत्तीण आली, सतरा.

"दुखतंय पोट?" राजेने विचारलं.

"थोडंसं," मिरची म्हणाली. खोटं कशाला बोला!

राजे थोडा वेळ खडे फेकत बसला. "माझंही दुखतंय," तो हळूच म्हणाला. "बिजली मला द्या असं मावशी कधी म्हणाल्या नाहीत."

मिरचीने त्याच्याकडे नीट बघितलं. मग सरकून त्याला जागा दिली आणि मुठीतलं घड्याळ त्याच्या हातात ठेवलं.