दोघी यायच्यात

शेकोटीत आणखी एक ओंडका सारा, आणि बसा. ही गोष्ट डेन्झिल हापुकूची, माझ्या मेव्हण्याची. खोटं बोलायची त्याला कधीच हौस नव्हती. मुळात बोलायचीच नव्हती.

जूनची अकरा तारीख, गुरुवार, संध्याकाळचे सहा. आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, तेव्हा मिट्ट काळोख. डेन्झिल मटाई खोऱ्याच्या राखीव जंगलात रखवालदार. किवी पक्ष्यांच्या पिलांवर टपलेल्या स्टोटांसाठी, त्या मुंगसासारख्या शिकारी जनावरांसाठी, लावलेले चाळीस सापळे तपासून तो नुकताच गाडीपाशी आला होता. गुडघा सुजलेला, मोजे ओले. तेवढ्यात रेडिओवर ऑफिसातली नोएलीन.

"डेन्झिल, वर डोंगरात धो धो पडतोय. नदी चढतेय. भटक्यांच्या मुक्कामाच्या खोलीत कोणी नाही ना, बघ, गेट लाव आणि मग घरी जा."

"गुडघ्याला विचारतो."

"त्याला सांग, नोएलीनबाईंचा हुकूम आहे."

पाय ओढत तो पुन्हा आत गेला. तासाभराने ती लाकडी खोली आली. आत अंधार, चूल थंड. बाकावर पिवळा रेनकोट घातलेला एक म्हातारा. टोपी नाकापर्यंत ओढलेली.

"चला काका, बंद करतोय. नदीला पाणी आलंय."

"दोघी यायच्यात," म्हातारा म्हणाला. "पलीकडून. वाट बघतोय."

म्हणजे आता नदीपर्यंत! डेन्झिलला अगदी रडू आलं. तिथेच बाकावर आडवं व्हावंसं वाटलं. पण दोन जीव पलीकडे होते. "इथून हलू नका," असं बजावून तो निघाला.

रानात किवी ओरडत होते. नदी जवळ आली आणि ते थांबले. सगळंच थांबलं. फक्त पाणी...

पलीकडे दोन टॉर्च. एक बाई मांडीभर पाण्यात उतरलेली.

डेन्झिलने जीव खाऊन शिट्टी फुंकली. टॉर्च हलवला, वरच्या अंगाचा झुलता पूल दाखवला. बाई थबकली. मागे फिरली.

पुलावरून दोघी आल्या, कुडकुडत. ब्रायर आणि मेरिन, सख्ख्या बहिणी.

"वेड लागलंय का? एवढ्या पाण्यात?"

"तुमच्याच माणसाने बोलावलं की!" ब्रायर उसळली. "गुडघ्याला हात लावून दाखवत होता, एवढंच पाणी आहे म्हणून."

"कोण माणूस?"

"पिवळ्या रेनकोटातला."

"...कधी?"

"आत्ता. तुम्ही शिट्टी मारलीत ना, तेव्हा तुमच्या शेजारीच तर..."

डेन्झिलने मागे पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर खोली लागली. दार सताड उघडं. आत कोणी नाही. बाक कोरडा.

सोमवारी त्याने नोकरी सोडली. नोएलीनला सांगितलं, गुडघा. मला मात्र त्याने खरं सांगितलं. खोलीत एक वही असते. येणाऱ्याने नाव, तारीख आणि पुढे कुठे जाणार ते लिहायचं. बहिणी नदीच्या या काठाला पहिल्यांदाच आल्या होत्या. त्या रात्री परतताना मेरिनने ती वही उघडली, तर दोघींची नावं आधीच लिहिलेली. तारीख अकरा जून. पुढे कुठे... 'नदी'.

त्याखाली त्याच अक्षरात, डेन्झिल हापुकू. 'नदी'.

तारखेची जागा कोरी.