राजा येण्याच्या आदल्या दिवशी

"सायलसला मारलं हो! राजाच्या माणसांनी मारलं माझ्या नवऱ्याला!" टॅबिथा थर्कलच्या दारातच कोसळली.

रॉचेस्टरमध्ये त्या सकाळी तोरणं चढत होती. राजाला मारल्यापासून अकरा वर्षं इंग्लंड राजाविना चाललं होतं. आता त्या राजाचा मुलगा राजा म्हणून उद्या गावात येणार होता. आणि जुन्या राजाचं मुंडकं उडवलं तेव्हा सायलस वधमंचापाशी पहाऱ्याला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गुन्ह्यांचा छडा लावणारा थर्कल आणि त्याचा मित्र, पाववाला जॉब, तिच्यामागोमाग तिच्या घरच्या तबेल्यात गेले.

प्रेताचा चेहरा दगडानं ठेचला होता. खालचं गवत रक्तानं थबथबलं होतं.

"ओळखलंत कशावरून?" थर्कलनं विचारलं.

"कपडे त्याचेच. बूटही. वर्षभर रोज हेच घालायचा."

थर्कलनं बूट चाचपले. टाच आत शिरलीच नव्हती. मागचं चामडं चुरगळलं होतं.

"घरात आणखी कोण?"

"कोणी नाही. भाऊ माझा, जर्व्हस, राजाबरोबर डोव्हरला उतरलाय म्हणे. लहानपणी गाडीखाली डाव्या पायाची दोन बोटं गेली, तरी राजासाठी लढला वेडा! इतक्या वर्षांनी येईल, आणि घरात हे..."

तिथून दोघं गुत्त्यात गेले. गुत्तेवाला क्रिस्पिन कट्टर राजनिष्ठ, सायलसला उघड धमक्या देणारा. तो उसळला, "मारीन म्हणालो होतो, होय! पण चेहरा कशाला ठेचीन? मुंडकं मिरवून बक्षीस मागितलं असतं! आणि काल एक पिसाच्या टोपीचा, परदेशी पेहरावातला पाहुणा सायलसचं घर विचारत होता. त्याला पकडा की!"

"चोराच्या उलट्या बोंबा," बाहेर पडताना जॉब पुटपुटला.

"नाही रे. खरं बोलतोय तो."

तबेल्यात परतल्यावर थर्कल हळू आवाजात म्हणाला, "बाई, रोजचे बूट पायात शिरत नाहीत, असं होत नाही. हा सायलस नाही. आणि ते तुम्हाला माहीत आहे."

टॅबिथा पांढरीफटक पडली. "भिकारी आहे कुणी. नदीत मेलेला सापडला, असं सायलसनं शपथेवर सांगितलं. राजाची माणसं त्याला फाशी देतील, साहेब! मी काय करणार होते?"

"नदीतल्या मड्याचं रक्त असं वाहत नाही. हा इथेच, जिवंतपणी मारला गेला. चेहरा ठेचला तो गावाला फसवायला. पण न बसणारे बूट बळंच कोंबले, ते कुणी पाय पाहू नयेत म्हणून. कुणी म्हणजे तुम्हीच, बाई. काल एक पाहुणा गावात तुमचं घर विचारत होता."

त्यानं डावा बूट ओढून काढला.

पायाला तीनच बोटं होती.

जॉबला वाटलं, बाई किंचाळेल. ती किंचाळली नाही. खाली बसून तिनं तो पाय मांडीवर घेतला आणि थंडी वाजणाऱ्याचा चोळावा तसा चोळत राहिली. बाहेर राजाच्या स्वागताचे ढोल घुमू लागले होते.

बऱ्याच वेळानं ती उठली.

"घरच्या भट्टीमागच्या तळघरात आहे सायलस. मघाशीच गरम जेवण देऊन आले." तिनं झग्याला हात पुसले. "तुम्ही माझ्या मागं उभे राहा. हाक मीच मारते. माझ्या आवाजाशिवाय तो दार उघडणार नाही."