कुंपणालगतचा वाफा

"माझी कणसं कापून नेली हो कुणीतरी!"

दारातल्या बाईंनी चपलाही न काढता हे सांगितलं आणि भावजींनी चहाचा कप खाली ठेवला. खून नाही, दरोडा नाही, चक्क कणसं! वहिनींकडे कधी काय येईल याचा नेम नाही, असं ते मनाशी म्हणाले. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. खासगी गुप्तहेर म्हणून त्यांचं नाव होतं. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून भावजी त्यांच्या मागे छत्री धरून फिरायचे आणि त्यालाच तपास म्हणायचे.

"बसा. आधी पाणी प्या," वहिनी म्हणाल्या.

बाई शेती संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होत्या. पाऊस दगा देतो अशा गावांसाठी त्यांनी बाजरीचा नवा वाण तयार केला होता. त्याचे तीन वाफे तीन जागी पेरले होते. उगवण झाली की पाणी बंद, मग पीक जगो वा मरो, अशी ती परीक्षा. त्यातला कुंपणालगतचा वाफा असा काही तरारला, की उद्या तो बघायला समिती येणार होती आणि त्याचंच बियाणं कोरडवाहू गावांत जायचं होतं. काल संध्याकाळी मात्र त्या वाफ्यात एकही कणीस उरलं नाही.

"मोठे साहेब म्हणतात, राखणदार झोपला असणार, आजच त्याला काढून टाका. तो झोपणारा नाही हो! दोन लेकरं आहेत त्याला." बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "आणि माझी थोरली बहीण हेच बियाणं पेरणार होती. तिने जुनं बियाणं वाटूनसुद्धा टाकलं. परवा तिने फोनवर सांगितलं, तर आमचे नाना आनंदाने जेवलेच नाहीत."

"नाना?"

"माझे वडील. केंद्राच्या क्वार्टरमध्ये माझ्याकडेच असतात."

वहिनी उठल्या. त्यांनी चपला घातल्या.

वाफ्यात नुसती ताटं उभी होती. कणसं विळ्याने एका घावात उडवलेली. पाखरांनी दाणे टिपू नयेत म्हणून कणसांवर घातलेल्या कागदी पिशव्या बांधावर घडी करून, वर दगड ठेवून रचल्या होत्या.

"चोर टापटिपीचा दिसतो," भावजी म्हणाले आणि ऐटीत छत्रीवर रेलले. छत्री खचकन जमिनीत घुसली आणि भावजी थेट बाजरीच्या गळ्यात पडले.

"वहिनी, हसू नका!"

"हसत नाही. आता पलीकडच्या वाफ्यात रेला बघू."

तो वाफाही त्याच वाणाचा. ताटं खुजी, कणसं बोटाएवढी. भावजी बिचकत रेलले. छत्री फरशीवर टेकवल्यासारखी उभी राहिली.

"इथे माझी पत राहिली," ते म्हणाले. वहिनी मात्र कुंपणापलीकडच्या क्वार्टरकडे बघत होत्या. त्याचं मागचं दार बरोबर कापलेल्या वाफ्यासमोर उघडत होतं.

राखणदार पार कोमेजला होता. "डोळ्याला डोळा लागला नाही, बाई! लेकरांची शपथ. संध्याकाळी तेवढा चहाला जातो, तेव्हा नाना बसतात माझ्या जागी. स्वतःहून म्हणतात, जा, चहा घेऊन ये. देवमाणूस! पण नजर अधू झालीय त्यांची. तेवढ्यात कुणी घुसलं असेल तर दिसणार नाही त्यांना."

भावजींचा संशय मात्र केंद्रातल्याच एका दाढीवाल्या शास्त्रज्ञावर होता. त्याचा वाण बाईंच्या वाणापुढे मागे पडला होता, म्हणजे कारण आयतं.

दाढीवाला उखडला. "कापायचीच असती तर तिन्ही वाफ्यांतली कापली असती! एक कापून काय मिळणार? तसंही बाकीचे दोन वाफे बेताचेच आहेत. हाच एक तरारला. बाई म्हणतात, तिथली जमीन ओल धरते. धरत असेल बुवा. एवढी ओल माझ्या वाफ्याने धरली असती तर मीही मिरवलं असतं."

"बघा, पोटदुखी!" बाहेर पडताच भावजी कुजबुजले.

"पोटदुखी आहेच. पण बोलला ते खरं बोलला."

क्वार्टरच्या मागच्या अंगणात चहा आला. दाराशी रिकामी बादली होती, शेजारी नाना बसले होते. सुरकुतलेला चेहरा, मोठाले हात. त्यांनी एकच विचारलं, "राखणदाराला काढणार नाहीत ना?" थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

भावजींनी अंगणातल्या कोंबड्यांना बिस्कीट कुस्करून टाकलं. कोंबड्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"नखरे बघा! आमच्या घरी बिस्कीट पडलं तर मीसुद्धा सोडत नाही."

वहिनींनी कप खाली ठेवला आणि राखणदाराला बोलावणं धाडलं. तो येऊन दाराशी उभा राहिल्यावर त्या बोलू लागल्या.

"रागाने आलेला माणूस पिशव्या फाडून फेकतो, घड्या करून ठेवत नाही. म्हणजे कापणारा वैरी नव्हता. भावजींची छत्री कापलेल्या वाफ्यात घुसली, शेजारच्यात घुसली नाही. वरून माती सुकलेली, पण आत ओल. वाण एक, शेत एक, मग हा एकच वाफा कसा तरारला? त्याला कुणीतरी पाणी घालत होतं."

"अशक्य!" बाई म्हणाल्या. "तिथे पहारा असतो."

"चहाच्या वेळी नसतो. दाढीवाल्यांना हे पाणी कळलं असतं, तर ते कणसं कापत बसले नसते, गावभर बोभाटा केला असता. राखणदाराला पाणी घालायचं असतं, तर सगळे वाफे त्याच्या हातात होते. पाणी मिळालं ते फक्त या दारातून दिसणाऱ्या वाफ्याला. आणि कणसं गेली कुठे? ज्याला दाणा जाळवत नाही, फेकवत नाही, त्याने तो कोंबड्यांना घातला. म्हणून त्या आज बिस्किटाला भीक घालत नाहीत."

भावजींनी बादलीकडे पाहिलं, मग नानांच्या हातांकडे. त्यांच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला, आणि बोलून मोकळं होण्यापेक्षा गप्प बसावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"परवा तुम्ही आनंदाने उपाशी राहिला नाहीत, नाना," वहिनी हलकेच म्हणाल्या.

नानांनी मान वर केली नाही. "तहानलेलं पीक समोर सुकत होतं. जन्मभर शेत केलं. मला नाही बघवलं. भांडी विसळलेलं पाणीच घालत होतो. ही परीक्षा पाण्यावाचून आहे, एवढं मला कळत होतं. वाटलं, बादलीभर पाण्याने काय होतंय! मग थोरलीचा फोन आला. तिने जुनं बियाणं वाटून टाकलं. तिच्याकडे कोण बादली घेऊन जाणार होतं? माझ्या पाण्याच्या भरवशावर किती घरं पेरणार होती! म्हणून कणसंच कापून टाकली."

"मला का नाही सांगितलंत, नाना?"

"कोणत्या तोंडाने सांगू? तुझं नाव व्हायला लागलं होतं, बाळ."

बाई रडल्या. भरपूर रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी आधी फोन उचलला. "ताई, दिलेलं बियाणं परत मागून आण. हो, आजच. कारण मग सांगते. चूक आमच्या घरची आहे."

फोन ठेवून त्या उठल्या. "साहेबांकडे जाते. उद्या समितीला ते दोन वाफे दाखवीन. खुजे आहेत, पण खरे आहेत. पाण्यावाचून बोटाएवढं कणीस आलंय, तिथून पुढे काम करायचं."

"थांब," नाना म्हणाले. "साहेबांना मी सांगणार. नोकरी माझ्यापायी चालली होती ना याची?"

ते उठताना डगमगले. राखणदाराने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"मला माफ कर रे," नाना म्हणाले.

"ते राहू द्या, नाना. पायरी आहे, जपून," राखणदार म्हणाला आणि त्यांना धरून फाटकाकडे घेऊन गेला.