गेट नसलेली गल्ली

"लाइट बंदच राहू दे," प्रल्हादकाका म्हणाले. अमेरिकेत, कॅरीतल्या त्यांच्या घरामागच्या डेकवर आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. "माझ्या मित्राची मुलगी चैत्राली. तिच्या बाबतीत घडलेलं सांगतो.

पेनसिल्व्हेनियात शिकत होती. इंग्रजांनी वसवलेलं जुनं गाव. चौदा नोव्हेंबर दोन हजार एकोणीस, गुरुवार. तिची रूममेट हिमानी, तिचा दमा उसळला आणि इनहेलर संपलेला. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता. चैत्राली धावत फार्मसीत गेली, इनहेलर घेतला. पावणेनऊ वाजले होते.

घरी जायला मोठ्या रस्त्याने वीस मिनिटं. गल्लीतून चार. पण गल्ली अशी, की दोन्ही खांदे भिंतींना घासावेत. काउंटरवरची म्हातारी म्हणाली, 'तिथून नको जाऊस.'

तिनेच सांगितलं, शंभर वर्षांपूर्वी तिथे कापडगिरणी होती. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी गेट. सुटी झाली की वॉचमन एकेका मुलीची झडती घ्यायचा, मगच सोडायचा. एका रात्री गिरणी पेटली. मुली गल्लीत धावल्या. मालकाची ऑर्डर नाही म्हणून वॉचमनने गेट उघडलंच नाही... पुढे गेट काढून टाकलं. गल्ली राहिली.

चैत्रालीने ऐकलं. आणि गल्लीतच शिरली.

अर्ध्यावर फोनचा टॉर्च गेला. समोर किल्ल्या खुळखुळल्या. मग पुरुषाचा आवाज. शांत.

'क्लोज्ड. गो बॅक.'

तिने पाऊल टाकलं. छातीला लोखंड लागलं. थंडगार. हाताने चाचपलं... काहीच नाही. पुन्हा पाऊल. पुन्हा लोखंड.

'गो बॅक.'"

"शी रॅन, राइट?" आन्याने हळूच विचारलं.

"नाही पळाली. तिकडे हिमानीचा श्वास कोंडलेला. संतापली पोरगी. मराठीतच ओरडली, 'नाही जाणार मागे! तेव्हा उघडलं नाहीस. आता उघड!' आणि सगळं अंग पुढे झोकून दिलं."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. 

"किल्ल्या पडल्याचा आवाज... मग ती एकदम रस्त्यावर. गुडघे फुटले. तशीच पळाली. हिमानी वाचली. आता टेक्ससला, अर्विंगमध्ये असते."

"आणि ती गल्ली?" निमिषने विचारलं.

"पुढची दोन वर्षं चैत्राली रोज तिथूनच गेली. मुद्दाम. अंधार पडल्यावर."

काका उठले. दारापाशी जाऊन वळले.

"त्या रात्री घरी येऊन तिने कोट काढला. पाठीवर काजळीचे पंजे उमटले होते. छोटे छोटे. एकावर एक, ढकलताना उमटतात तसे. दोनदा ड्रायक्लीन करून झाला. मी परवाच पाहिला तो कोट... अजून आहेत."