‘ही’ लिहिलेली प्लेट

भुताची गोष्ट सांगावी तर मीच. माझी गोष्ट ऐकून चांगली दांडगी माणसं पाय पोटाशी घेऊन झोपलेली आहेत. माणसं म्हणजे तसा एकच माणूस, माझा मेहुणा. आणि तो पालीलाही घाबरतो. पण ही गोष्ट त्यालासुद्धा सांगायची माझी हिंमत झालेली नाही. हिच्यात भूत आहे की नाही हेच मला अजून नीट कळलेलं नाही ना! दिवा जरा इकडे सरकवा.

एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात जंतूंची प्रयोगशाळा होती. वरच्या मजल्यांवर माणसं कण्हत पडलेली असायची आणि खाली त्यांचे जंतू सुखात वाढायचे. त्यांची उस्तवार करायला एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना जंतूमामा म्हणत. नर्सबाई म्हणत, झाडूवाल्या मावशी म्हणत, एकदा मोठ्या साहेबांनीही भर सभेत म्हटलं आणि मग घाईघाईनं पाणी प्यायले.

मामांचं काम असं. वरून कुणाचं रक्त, कुणाच्या जखमेतला पू खाली यायचा. मामा तो तारेच्या कडीनं जेलीसारख्या थरावर पसरायचे. तो थर असायचा एका चपट्या, झाकणाच्या बशीत. तिला प्लेट म्हणायचं. त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या बारक्या चकत्या ठेवायच्या, आणि प्लेट पालथी करून उबेच्या कपाटात सारायची. पालथी कशाला? तर झाकणावर जमलेलं पाणी जंतूंवर टपकू नये म्हणून. कपाटात माणसाच्या अंगाएवढी ऊब. दुसऱ्या दिवशी बघायचं. ज्या चकतीभोवती मोकळं रिंगण पडलं ते औषध लागू पडलं. जंतू चकतीला खेटून वाढले, तर औषधाची दातखीळ बसली. मला एवढंच समजलंय. जास्त समजलं असतं तर मी इथं दिव्यापाशी बसून तुमची झोप उडवत बसलो असतो का?

तर त्या सकाळी काम अगदी साधं होतं. उबेच्या कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, दुरुस्तीवाला यायचा होता, म्हणून कपाट रिकामं करायचं. नव्या डॉक्टर मॅडम नुकत्याच रुजू झाल्या होत्या. मामांच्या मुलीच्या वयाच्या, म्हणजे मामांना मुलगी असती तर. मॅडम प्लेटा एकेक करून ट्रेमध्ये मांडत होत्या. सगळ्यात खालच्या कप्प्यात, अगदी मागे, एक प्लेट निघाली. बाकी सगळ्या पालथ्या, ही एकटीच उताणी. तिच्यावर नंबर नाही, तारीख नाही. फक्त एक शब्द.

“मामा, ‘ही’ म्हणजे कोण?”

मामा बर्नर पुसत होते. पुसतच राहिले.

“ही म्हणजे… आमची ही.”

“तुमची ही म्हणजे?”

“आता काय सांगू मॅडम, लग्न झाल्यावर कळेल तुम्हाला.”

मॅडम हसल्या नाहीत. मामांनी फडकं खाली ठेवलं. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि सांगून टाकलं.

मामांची बायको याच दवाखान्याच्या शिवणखोलीत होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. जिभेला धार अशी की कापडाला कात्री लागू नये. मामांना म्हणायची, “माझ्यापेक्षा तुमच्या जंतूंवर तुमचं प्रेम जास्त. त्यांना वेळेवर जेवण, वेळेवर ऊब. मी जंतू झाले असते तर बरं झालं असतं.” मामा म्हणायचे, “तू चावतेस त्यांच्यापेक्षा जास्त.” असा तो संसार.

मग एक साधं ऑपरेशन झालं आणि जखम चिघळली. हुडहुडी भरायची, दात वाजायचे, नंतर ताप असा चढायचा की कपाळावर हात ठेववत नसे. तिच्या रक्ताची बाटली खाली आली ती मामांच्याच हातात. प्लेट त्यांनीच लावली. दुसऱ्या दिवशी काढली आणि खिडकीपाशी नेऊन बघितली. तळघराला खिडकी कुठली, छताजवळ एक जाळी होती तिच्याखाली उभे राहिले. सगळ्या चकत्यांना जंतू खेटून वाढले होते. एकाही औषधानं बोटभर जागा मोकळी केली नव्हती. वरचे डॉक्टर फोनवर विचारत होते, “मामा, एखादं तरी? एखादं तरी सांगा.” मामांना सांगण्यासारखं काही नव्हतं. बघता बघता ती गेली.

“वापरलेल्या प्लेटा जंतू मारायला वाफेच्या कुकरमध्ये टाकायच्या असतात,” मामा म्हणाले. “पिशवी घेऊन उभा राहिलो. मनात आलं, तिच्या अंगातलं अजून जिवंत असं जगात एवढंच उरलंय. म्हणून तारेवर थोडं उचललं आणि दुसऱ्या प्लेटवर ठेवलं. त्या प्लेटवरून तिसऱ्या.”

“आणि अजून?”

“अजून. इतकी वर्षं, दर दोन दिवसांनी नवीन प्लेट.”

“अहो, पण फ्रिजमध्ये ठेवायची ना! महिनाभर बघावं लागलं नसतं.”

“थंडीत ठेवायला मन होईना,” मामा म्हणाले. “हुडहुडी भरायची हो तिला.”

मॅडमनी प्लेट हळूच ट्रेमध्ये ठेवली. मग हातमोजे बदलले. नंतर बोलल्या, पण आवाज खाली आणून.

“मामा, हिला मारणारं आहे ते.”

“मारणारं आहे, पण हिच्यातलं आहे.”

“कुठलंही औषध लागू पडत नाही असा जंतू तुम्ही उघड्या कपाटात पाळलाय. मावशी रोज ह्या फळ्या पुसतात. त्यांच्या बोटाला चिरा पडल्यात, बघितलंत कधी? उद्या दुसऱ्या कुणाची तरी ‘ही’ वर झोपलेली असेल.”

मामांनी मान खाली घातली. त्यांना ते पटलं होतं, हीच पंचाईत. न पटलेल्या गोष्टीशी भांडता येतं.

मॅडमनाच राहवलं नाही. म्हणाल्या, “आज एकदा चकत्या लावून बघू. उद्या वाचू आणि मग टाकू. निरोप म्हणा.”

मामांनी स्वतः लावली. हात कापत नव्हता, याचंच त्यांना वाईट वाटलं. एक प्लेट चकत्यांची, आणि सवयीनं एक साधी, चकत्यांशिवायची. दोन्ही पालथ्या करून मॅडमनी स्वतः आत ठेवल्या. दुरुस्तीवाल्यानं दार नीट करून दिलं होतं, कुलूपही बसवलं होतं. निघताना मॅडम म्हणाल्या, “एक सांगा, ती प्लेट उताणी का ठेवत होता? इतक्या वर्षांचे अनुभवी तुम्ही.”

“मी पालथीच ठेवतो,” मामा म्हणाले. “सकाळी ती उताणी असते.”

“म्हणजे?”

“हिची सवय होती. झोपेत सारखी कूस बदलायची, आणि पांघरूण घेऊन जायची.”

मॅडमनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. थट्टा करतोय की काय म्हातारा? मग कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं खाली उतरले आणि वीज गेली. वरच्या ऑपरेशनच्या खोल्यांना जनरेटर होता. तळघराला कोण विचारतो? जाळीतून जेमतेम राखाडी उजेड येत होता. मॅडमनी बॅटरीचा दिवा टेबलावर ठेवला. रोज घरघरणारं सगळं एकदम थांबलं होतं. नळातलं पाणी टपकत होतं आणि तेवढंच ऐकू येत होतं.

मॅडमनी कुलूप उघडलं. दार उघडताच आतून ऊब आली, आणि उबेबरोबर एक वास. जंतूंचे वास मामांना पाठ होते; कुणाला फळाचा, कुणाला जळक्याचा. हा त्यातला नव्हता. घामेजलेल्या चादरीचा, तापानं फणफणलेल्या माणसाच्या उशीचा वास होता तो.

“मामा…”

चकत्यांची प्लेट पालथी होती, ठेवली तशी. साधी प्लेट उताणी होती. झाकणाला आतून दाट वाफ धरली होती, काचेवर कुणी श्वास सोडावा तशी. ती वाफ मध्येच निवळायची आणि पुन्हा धरायची. निवळायची… पुन्हा धरायची.

“किल्ली माझ्याकडेच होती,” मॅडम म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं तरी.

मामांनी चकत्यांची प्लेट उचलून दिव्याखाली धरली. आधी त्यांना वाटलं, डोळे गेले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. प्रत्येक चकतीभोवती रिंगण होतं. मोठमोठी, स्वच्छ रिंगणं, एकमेकांना भिडलेली. जंतू बिचारे कडेकडेला दाटीवाटीनं उभे, पाऊस चुकवायला लोक वळचणीला उभे राहावेत तसे. सगळ्यात जुनं, सगळ्यात साधं औषध, जे हल्ली दवाखान्यात कुणी हातात धरत नाही, त्याच्याभोवतीसुद्धा रिंगण.

“चुकलं असेल,” मामा म्हणाले. “दुसराच कुठला जंतू शिरला असेल.”

मॅडमनी बराच वेळ तपासलं. नव्या सूक्ष्मदर्शकाला वीज लागते, म्हणून आरसा फिरवून जुन्या यंत्रावर बघितलं. “तोच वाटतोय, मामा.” मग सावकाश समजावलं. औषधांशी लढायचं हत्यार जंतूला फुकट मिळत नाही. ते सांभाळायला त्याची ताकद जाते. शत्रू समोर असेल तर तो सांभाळतो. तुम्ही त्याला वर्षानुवर्षं नुसतं खाऊ घातलंत. कधी औषध दाखवलं नाहीत. ज्या पोरांनी हत्यार टाकलं ती भराभर वाढली, ज्यांनी धरून ठेवलं ती मागे पडली. आता ह्या घरात कुणाकडेच हत्यार नाही.

“म्हणजे,” मामा म्हणाले, “तेव्हा जर हा असा असता…”

मॅडम सूक्ष्मदर्शकाचा आरसा उगाच फिरवत राहिल्या.

“साधं औषध होतं. वरच्या कपाटात पडलेलं असायचं. मी स्वतः आणून दिलं असतं.” ते हसले. ते हसणं बघून मॅडमनी तोंड फिरवलं. “प्रेमानं नरमला म्हणायचा, मॅडम. ही नाही नरमली कधी.”

वरून कुणीतरी जिन्यातून मॅडमना हाक मारली. जाता जाता त्या थांबल्या. पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली, वाफेच्या कुकरजवळ. “लागू पडत असलं तरी ठेवता येणार नाही, मामा. वीज आली की टाका. तुम्हीच टाका. मी नाही टाकणार.” जिन्यावर त्यांची पावलं नेहमीपेक्षा भरभर वाजली.

मामा कपाटासमोर स्टुलावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. विजेवाचून एव्हाना आतली ऊब ओसरायला हवी होती. त्यांनी हात आत घातला. ऊब वाढली होती. फळीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. त्या जुन्या दिवसांत तिच्या कपाळावरचा हात मागे घ्यायचे तसाच.

नळाचं टपकणंही थांबलं होतं.

“अगं,” मामा हळूच म्हणाले, “ऐकलंस का? लागू पडतंय. सगळी लागू पडतात आता. ते साधंसुधं… तेसुद्धा.”

खालच्या कप्प्यात प्लास्टिक फळीवर घासल्याचा आवाज झाला. अगदी बारीक. कुणीतरी अंग आवरून वळावं तसा.

मामांनी पिशवीकडे बघितलं आणि ती पायानं टेबलाखाली ढकलली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. त्यांनी तोंड दाराशी नेलं.

“घाबरू नकोस. मी नाही टाकणार तुला कुकरमध्ये. त्यांना काय सांगायचं ते सांगेन. कोटाच्या आतल्या खिशात ठेवून घरी नेतो. तिथे रोज नवीन प्लेट देईन, अंगाशी धरून ऊब देईन… कुणी हात नाही लावणार. आहेस तशी ठेवीन, मी आहे तोवर.”

दिवा मिणमिणला. झाकणावरची वाफ निवळली, आणि या वेळी पुन्हा धरली नाही. कपाटाच्या आतून, खालच्या कप्प्यातून, थकलेला, घसा सुकलेला, पण धार तीच असलेला आवाज आला.

“इतकी वर्षं नुसतं खायलाच घालताय… अहो, औषध लागू पडतंय म्हणता, तर मग द्या ना ते. माझा ताप उतरलेलाच नाही अजून.”